घागऱ्यावरचा बटवा

—न्हाई न्हाई, आत नका येऊ मॅडम, तिथंच बसा त्या स्टुलावर, पंखा तिथवर लागतो. आत नुसता कातड्याचा वास, तुमची ओढणी दिवसभर वास मारंल. गाडी कुठं लावलीय? टपरीपाशी? मग लांब न्हाई. हे घ्या, सकाळपासनं बांधून ठेवलंय, टॉवेल साहेबांचाच हाय, ज्यात गुंडाळून आणलं व्हतं त्योच. घ्या अन् निघा. चहा पाजला असता, पण दूध—दूध हाय, वेळ न्हाई. खरं सांगते. आमचे मालक दवाखान्यात गेलेत गोळ्या बदलून आणायला, शेजारच्या शेखरभाऊच्या रिक्षातनं, साडेबारापर्यंत येतील. किती वाजले? बाराला दहा कमी? मग निघा की तुमी, चाकणपर्यंत जायचं म्हणजे वाटेत ट्रॅफिक हायच.

उघडून बघायचं? साहेबांनीच सांगितलंय? मग बघा, सावकाश सोडा गाठ. हे वरचं पत्र्याचं फूल बघितलं का—चांदीचं म्हणले साहेब, तिकडं त्यांच्या देशात काटेरी झुडपाला असलं फूल येतं. आपल्याकडं माळावर उंटकटारा असतो न्हाई का, तसंच की हुबेहूब. तुमी कुठल्या? खेडच्या? मग तुमाला ठावं असंल उंटकटारा. बोर्डावर राजगुरुनगर झालं तरी तोंडात आपल्या खेडच येतं. नाव काय म्हणलात—हर्षाली. हे गोंडे बघा हर्षालीताई, तीन हाईत, काळ्या घोड्याच्या केसांचे. हे पांढरं सगळं बोकडाचं, केसासकट कमवलेलं कातडं. मागं साधं चामडं, त्याला दोन पट्ट्या, त्यातनं कंबरेची साखळी जाते. घागऱ्याला खिसा नसतो ना, म्हणून म्होरं बटवा लटकवायचा. साहेबांनी फोटो दाखवला तवा मला हसू आलं, एवढा धिप्पाड गोरा माणूस अन् गुडघ्यापर्यंत चौकटीचा घागरा, पण आमचे मालक हसले न्हाईत. त्यांनी फोटो मोठा करून फक्त बटवाच बघितला, लई येळ.

काय बघताय मोबाइलवर? जुना फोटो हाय व्हय तुमच्याकडं. लांब दिसतेत का केस? ते—धुतलं की फुलतेत. रिठ्याच्या पाण्यानं धुतलंय. थांबा हं, जरा गल्लीत बघून येते, रिक्षा वाजल्यासारखी वाटली. न्हाई, दुसरीच हाय. इथं दिवसभर हेच, समोर प्रेस चालू, मागं ग्राइंडर, कोण आलं कोण गेलं कळत न्हाई. तुमी बांधा ते परत. असं सैल नका बांधू. द्या इकडं, मी बांधते—बसा की, हातातच काम हाय, किती येळ लागतोय.

आता तुमी विचारताय म्हणून सांगते. साहेब इथं आले कसे, तर तुमच्याच कंपनीत वेल्डिंगवाल्यांना आमचे ॲप्रन जातेत, चामड्याचे. हातमोजेबी आमचेच. तीस वर्षं झाली, मोहोळ सोडून भोसरीत आलो तवापासनं हेच. मशीनवर मी, अन् जे मशीनच्या सुईला झेपत न्हाई ते हातानं मालक. बोर्डावर नाव हाय बघा त्यांचं—भैरू लेदर वर्क्स. तर साहेबांनी प्लांटमध्ये एका ॲप्रनच्या पट्ट्याचा टाका बघितला अन् विचारलं, हे हातानं कुणी शिवलं? दुसऱ्या दिवशी स्वतः दारात. ह्या शटरखालनं वाकून आत आले, अन् तुमी बसलाय त्या स्टुलावर बसले. टॉवेल मांडीवर ठेवून असा सोडला, जसं बाळ निजलंय आत. बरोबर तुमच्यासारखंच कुणीतरी व्हतं मराठीत सांगायला. आज्याचा हाय म्हणले. आज्यानं लग्नात घातलेला, बापानं घातलेला, त्यांनी घातलेला, अन् आता लेकीचं लग्न हाय तिकडं तर तिला हात धरून न्यायचं हाय, तवा घालायचाय. मागची शिवण तेवढी कुजलीय, तेवढी उसवून नवी घाला, बाकी कशाला हात लावू नका. एवढंच काम.

मालकांनी हातात घेऊन वास घेतला. बोकड हाय म्हणले. साहेबांनी मान हलवली. मालकांनी शिवण नखानं मोजली, इंचात आठ टाके, अन् दोन बोटं वर केली—दोन सुयांचा टाका. एकाच दोऱ्याला दोन्ही टोकांना सुया, एक इकडनं एक तिकडनं, त्याच भोकातनं. साहेब हसले. मधल्या माणसाला मग काही कामच उरलं न्हाई. तसा माणूस हाय आमचा. सासऱ्यांनी त्यांना मोट शिवायला शिकवलं, विहिरीवरची मोट, ज्यातनं पाण्याचा थेंब गळता कामा नये. त्यांच्या हातचा टाका म्हणजे—तुमी आत्ता बघितलाच की मागनं. ह्यांनीच शिवलंय. एक टाका वाकडा दिसला का? पिशवीत घालून काळेवाडीला नेता-आणताना जरा पट्टी मुडपली, तेवढी सरळ केली की—

काळेवाडी म्हणलं का मी? न्हाई, ते आपलं—सुमनताई हाय तिथं माझी मैत्रीण, शिवणकाम करते. तिच्याकडं कशाला नेलं? तुमी लई बारीक ऐकता. साहेबांच्या ऑफिसात हेच काम करता का? बघा ना, साहेबांनी मला दीड महिना दिला, काम चार दिवसांचं. तर मधी तिच्याकडं ठेवलं व्हतं, इथं उंदीर हाईत म्हणून. उंदीर न्हाईत. मांजर हाय, उंदीर कुठनं येणार. पोरी, तू माझ्या लेकीच्या वयाची, तुला खोटं सांगायला जीभ वळंना. किती वाजले? बारा पाच. हे बघ, भरभर सांगते, अन् तू ऐकलं की उचलायचं अन् जायचं. त्यांच्या कानावर पडता कामा नये.

मालकांना कंपवात हाय. दोन वर्षं झाली. आधी उजव्या हाताचा अंगठा हलायचा, मला वाटलं विडीची तलफ. मग चहाची बशी वाजायला लागली. आता विसरतेतबी—सगळं न्हाई, मोट कशी शिवायची विचार, एक न् एक सांगतील, पण सकाळी गॅसवर काय ठेवलं ते न्हाई. साहेबांचा बटवा आला त्याच्या चौथ्या दिवशी मी हातमोजे पोचवायला गेले व्हते सेक्टर दहामधी. मी निघाले तवा त्यांनी बटवा कोमट पाण्यावर धरला व्हता, मागचं चामडं मऊ पडावं म्हणून. धरायचा, बुडवायचा न्हाई, हे त्यांनीच मला शिकवलेलं. कुणीतरी हाक मारली असंल, का डुलकी लागली, देव जाणे. मी तिथं गेट-पाससाठी तासभर उभी, मग बस लवकर मिळंना. आले तर हे खाटेवर झोपलेले, अन् तो टबात. आख्खा बुडालेला. पाणी दुधासारखं झालं व्हतं, अन् वर केस तरंगायलेत, झुपक्याच्या झुपके. बोटानं उचलला तर माझ्या बोटांना लागून आणखी निघाले. शंभर वर्षांचं कातडं, ते काय टिकतंय. उन्हात धरलं तर पापडासारखं आकसलं अन् मधून तडकलं.

मी रडले न्हाई. रडायला येळच न्हाई मिळाला. ते उठायच्या आत टब धुतला, बटवा ॲप्रनच्या कपड्यात गुंडाळून मशीनखाली सारला, अन् उठल्या उठल्या त्यांनी विचारलं, साहेबांचं काम कुठं ठेवलं? तर मी म्हणले, साहेबांचा माणूस आला व्हता, परत घेऊन गेला. का, म्हणले. मी म्हणले, मला काय ठावं, त्यांना घाई व्हती, दुसरीकडं देतो म्हणले.

एवढंच बोलले बघ मी. मला वाटलं, सुटले. पण माणूस दोन दिवस जेवला न्हाई. नुसता हात मांडीवर दाबून बसायचे, दुसऱ्या हातानं. तिसऱ्या दिवशी म्हणले, साहेबानं माझा हात हलताना बघितला असंल. भरोसा कसा ठेवावा त्यानं, बरोबरच हाय त्याचं. आता सांग मला, काय करायचं? खरं सांगावं तर आज्याचा बटवा आपल्या हातनं गेला हे कळून माणूस खचंल. न्हाई सांगावं तर आपल्यावर कुणाचा भरोसा न्हाई म्हणून खचतोयच. मी दुसरं निवडलं. बरोबर केलं का? मला अजून कळंना. तू शिकलेली हाईस, तुला काय वाटतं? न्हाई, नको सांगू. ऐकायची माझी तयारी न्हाई.

मग ठरवलं, दुसरा करायचा. अगदी तसाच. सुमनताईला सगळं सांगितलं, तिनं मागची खोली दिली. घरी सांगितलं, गुडघा दुखतोय, काळेवाडीत एक बाई मालीश करते, रोज दुपारी जाऊन येते. गुडघा खरंच दुखतो, ते खोटं न्हाई. आता बोकड—आपल्याकडचे बोकड काळे, केस आखूड, लांब पांढरे केस कुठनं आणायचे? दोन शनिवार चाकणच्या बाजारात फिरले, लोक मला म्हणायचे, मावशी, बकरी घ्यायचीय का, अन् मी नुसती केसांत बोटं घालून बघायची. येडीच समजले असतील. दुसऱ्या शनिवारी एकाकडं उत्तरेकडचा बोकड बघितला, मागच्या मांड्यांवर वीतभर केस, पांढरेशुभ्र. ज्या खाटकानं तो घेतला त्याच्या मागं मागं गेले अन् कातडं मागितलं, म्हणले, चिरू नको, जपून काढ. मग मीठ अन् तुरटी, आठ दिवस. आतली चरबी रापीनं खरवडायची, पण रापी जरा जास्त टेकली की केसांची मुळं कापतेत अन् वरनं टक्कल पडतं. एक तुकडा तसाच वाया गेला. दुसऱ्याला अंड्याचा बलक चोळला, फळीवर खिळ्यांनी ताणला, रोज हातानं मळला, माझी बोटं बघ, अजून सालं निघायलीत. सुमनताईची सून नाक धरून जिन्यातनं जायची, पण बोलली न्हाई बिचारी.

अन् एक गोष्ट सांगते, ती साहेबाला सांगायची का न्हाई ते तू ठरव. जुन्याचे केस पिवळसर व्हते, माझे पांढरेफट्ट. तर मी ते चहाच्या पाण्यात बुचकळले. तीनदा. वास घेऊन बघ, येतो का? म्हणजे जुना दिसावा म्हणून. नवा केला ते चुकलं असं न्हाई वाटत मला, पण ते चहाचं पाणी मनात राहिलंय. त्या येळेला मी फसवायच्याच नादात व्हते ना. फूल जुनंच लावलंय, गोंडे जुनेच, पट्ट्यांच्या कड्या जुन्या. पण कातडं माझं अन् टाका माझा.

व्हय, माझा. मी आधी म्हणले ह्यांनी शिवलंय, ते बोलायची सवयच झालीय. दोन वर्षं हेच चाललंय पोरी. सकाळी ते आरी-सुई घेऊन बसतेत, दोन तास, घाम येतो, ओठ दाबतेत, अन् एक पट्टा शिवतेत. सगळे टाके इकडं तिकडं, जसं कोंबडं चाललंय राखेतनं. दुपारी ते आडवे झाले की मी सगळं उसवते अन् त्याच भोकांच्या शेजारी सरळ घालते. उठले की पट्ट्यावर अंगठा फिरवतेत अन् म्हणतेत, बरा जमलाय आज. मी म्हणते, तुमाला काय जमत न्हाई. साहेबानं प्लांटमधी जो टाका बघितला ना—तोबी माझाच. हे कुणाला बोलले न्हाई मी. सुमनताईलाबी न्हाई. तुला कशाला बोलले काय की. तू आपली ऐकत बसलीस, मधी बोलत न्हाईस, म्हणून निघून गेलं तोंडातनं.

बारा वीस? अरे देवा. थांब, जाऊ नको तशी. हे बघ, ह्या पिशवीत जुना हाय. मशीनखालीच ठेवलाय महिनाभर. सगळे केस धुवून, वाळवून, दोऱ्यानं जुडी बांधलीय. मी ठरवलं व्हतं नवाच द्यायचा, गप्प बसायचं, साहेब लग्नात घालील, कुणाला कळतंय. पण रोज ही पिशवी पायाला लागायची. त्याच्या आज्याचं हाय ते, माझ्या मशीनखाली कशाला? तू त्याला लिही. इंग्रजीत लिही, तुला चांगलं येतं. लिही, जुना पाण्यात खराब झाला. आमच्याकडनं झाला. कुणाच्या हातनं ते नको लिहू—आमच्याकडनं, एवढंच. नवा केलाय, फूल अन् गोंडे जुने हाईत. चहाचं लिहितेस? लिही. सगळंच लिही मग. बघू दे, पाठवलं? दोन निळ्या रेघा आल्या म्हणजे वाचलं ना त्यानं? मग बोलत का न्हाई? टाइप करतोय—आता थांबला. आलं? काय म्हणतोय?

दोन्ही घेऊन ये. एवढंच? इंग्रजीत दोनच शब्द? म्हणजे रागावला का? तू रोज बघतेस त्याला, रागावला की कसं लिहितो? कळत न्हाई तुलाबी. अजून आलं का काही? कुणी केला विचारतोय. नवा कुणी केला. काय लिहायचं—भैरू लिही. न्हाई, थांब. पुसून टाक. मंजुळा लिही. मंजुळाबाई. जा आता, दोन्ही उचल, ही पिशवी खालनं धर, बुड फाटकं हाय तिचं, अन् त्या बाजूनं जा, ह्या बाजूनं रिक्षा—

आले. बस, बस तिथंच, काही बोलू नको. अहो हळू, पायरी हाय. शेखरभाऊ, तुमी जा, मी धरते त्यांना. डॉक्टर काय म्हणले? बसा आधी, पाणी घ्या. ह्या? ह्या हर्षालीताई, खेडच्या. कंपनीतनं आल्यात. ते—ते काही न्हाई, ॲप्रनचं माप व्हतं. अहो द्या ते, कशाला घेताय हातात, त्यांना उशीर होतोय.

बघतेत बघ. उलटा केला. अंगठा फिरवायलेत शिवणीवर.

व्हय. साहेबांचा न्हाई. साहेबांचा त्या पिशवीत हाय. माणूस आला नव्हता कुणी. मी खोटं बोलले. टबात राहिला व्हता तो, तुमी झोपला व्हता. म्हणून. तुमी जेवला न्हाईत दोन दिवस, तरी सांगितलं न्हाई मी. हा मी केला. काळेवाडीत. साहेबाला सगळं कळवलंय, आत्ताच, ह्यांच्यासमोर. अंगठा त्या कोपऱ्यापाशी का थांबला तुमचा?

काय म्हणलात?

खालच्या कोपऱ्यात शेवटचा टाका सैल ठेवलास, नेहमीसारखा—असं म्हणता? नेहमीसारखा म्हणजे? कवापासनं ठावं हाय तुमाला?

बरं. ओढून घेते. देते मेण. आरी कुणाला, तुमाला? मी घेऊ? व्हय, घेतली. तुमी सांगा, तशी घालते.

पोरी, तू जाऊन गाडीत बस. दहा मिनिटांत आणून देते दोन्ही. माणसांदेखत शिकायची मला सवय न्हाई. जा. अन् जाताना शटर अर्धं खाली ओढ.